वाळवंट, ओझें आणि पोलादी पाटे

युद्धाच्या बखरींत सेनापतींचीं नांवें येतात, तोफांचीं येतात, विमानांचींही येतात. मोटारीचा सांगाडा आणि तिचा मागील आंस यांच्यामध्यें एकावर एक रचून बसविलेल्या पोलादी पाट्यांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. तरीही १९४० ते १९४३ या तीन वर्षांत उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत जो एक विलक्षण पराक्रम घडला, त्याचें यश बंदुकीच्या नळीइतकेंच या पाट्यांवर अवलंबून होतें. दीड टन ओझ्यासाठीं बांधलेली साधी व्यापारी मोटार जवळजवळ दोन टन ओझें घेऊन, रस्ता म्हणून नाहीं अशा मुलुखांतून, शत्रूच्या पिछाडीस शेंकडों मैल जाऊन परत कशी आली, हा इतिहास जितका शौर्याचा तितकाच लोहारकामाचाही आहे.

पाट्यांची ही कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. बैलगाडीस पाटे नसतात. आंसावर साटा सरळ बसविलेला असतो आणि चाकाच्या लोखंडी धांवेस दगड लागला कीं, तो हिसका साट्यांत बसलेल्या माणसाच्या मणक्यापर्यंत जातो. बैलाची चाल मंद, म्हणून तें निभावून जातें. वेग दुप्पट झाला म्हणजे त्याच दगडाच्या आघाताचा जोर चौपट होतो आणि मग गाडीच मोडूं लागते. युरोपांतील घोडागाड्यांच्या कारागिरांनीं यावर प्रथम चामड्याच्या पट्ट्यांचा उपाय केला. गाडीची पेटी या पट्ट्यांवर टांगलेली असे. ती झुले, हेलकावे खाई, परंतु हिसके कमी होत. १८०४ सालीं लंडनमधील ओबेडाया एलिअट नांवाच्या गाडी बनविणाऱ्या कारागिरानें लंबगोलाकार पोलादी स्प्रिंगेचें पेटंट घेतलें. पुढचा व मागचा आंस जोडणारी जड लांकडी तुळई त्यामुळें काढून टाकतां आली. गाडी हलकी झाली आणि सुखावहही झाली. पुढें आगगाडीनें हेच पाटे घेतले आणि आगगाडीमागून मोटारीनें.

या रचनेंतील शहाणपण वरवर पाहतां लक्षांत येत नाहीं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगेचा नियम प्रसिद्ध केला होता. ओझें दुप्पट केलें कीं स्प्रिंग दुप्पट वांकते, हें त्याचें सार. आतां ओझें वाढवावयाचें असेल, तर एकच पाटा जाड कां करूं नये? त्याचें उत्तर असें कीं, पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा आठपट होतो. परंतु तो पूर्वीइतकाच वांकविला तर त्याच्या पृष्ठभागावर ताण मात्र दुप्पट पडतो आणि पाटा लौकर तडकतो. त्याऐवजीं पातळ पाट्यांची चळत केली, तर प्रत्येक पाट्यामागें ताठपणा थोडा थोडा वाढत जातो आणि वांकण्याची क्षमता कायम राहते. सर्वांत लांब पाटा वर. त्याच्या दोन्ही टोंकांस वळवून केलेल्या कड्यांनीं तो सांगाड्यास जोडलेला. त्याखालीं क्रमानें आंखूड होत जाणारे पाटे. मध्यभागीं ताण सर्वांत अधिक, म्हणून तेथें चळतही सर्वांत जाड. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानें गाडीचें उसळणें आटोक्यांत राहतें. तेव्हां जास्त ओझ्यासाठीं चळतींत एकदोन पाटे अधिक घालणें, हा उपाय कोणाही कुशल लोहारास सुचण्यासारखा आहे. त्याची किंमत काय पडते, हें मात्र वाळवंटानें शिकविलें.

वाळवंटांत मोटार नेण्याचें शास्त्र ज्यांनीं घडविलें, त्यांत राल्फ बॅग्नोल्ड यांचें नांव अग्रभागीं आहे. १८९६ सालीं जन्मलेले हे इंग्रज लष्करी अधिकारी १९२६ सालीं नेमणुकीवर इजिप्तमध्यें आले. पहिल्या महायुद्धांत फोर्ड मोटारींच्या हलक्या टोळ्यांनीं लिबियाच्या सरहद्दीवर गस्त घातली होती. तो अनुभव बॅग्नोल्ड आणि त्यांचे मित्र यांनीं रजेच्या दिवसांत पुढें चालविला. प्रथम मॉडेल टी आणि नंतर मॉडेल ए या फोर्ड मोटारी घेऊन ते वाळूच्या समुद्रांत शिरले. मध्यंतरीं बॅग्नोल्ड यांची बदली हिंदुस्थानांत झाली. तरी १९२९ सालीं ते पुन्हां वाळवंटांत आले, १९३० सालीं आले आणि १९३२ सालीं त्यांनीं सर्वांत मोठी मोहीम काढली. हे सर्व स्वखर्चानें, केवळ जिज्ञासेपोटीं.

त्या प्रवासांतून कांहीं साधनें निघालीं. वाळूंत रुतलेल्या चाकाखालीं सरकविण्यासाठीं पोलादी पन्हळी. पहिल्या अशा पन्हळी त्यांना कैरोमधील एका जुन्या सामानाच्या दुकानांत सांपडल्या आणि त्या मूळ महायुद्धांतील खंदकांचें छप्पर घालण्यासाठीं केलेल्या होत्या. रेडिएटरमधील उकळत्या पाण्याची वाफ वायां जाऊं नये म्हणून ती नळीनें एका डब्यांत नेऊन तिचें पुन्हां पाणी करण्याची युक्ति. लोखंडी मोटारीजवळ चुंबकाची सुई भरंवशाची राहत नाहीं, म्हणून सावलीवरून दिशा दाखविणारें सूर्य-होकायंत्र. टायरांतील हवा कमी करून चाकाचा वाळूवरील तळवा रुंद करण्याची रीत. या सर्वांच्या मुळाशीं एकच विचार होता. वाळवंटांत मोटार शक्तीनें जिंकत नाहीं. वजन कमी ठेवून आणि तें नीट वांटून जिंकते. वाळू वाऱ्यानें कशी सरकते याचा बॅग्नोल्ड यांनीं पुढें प्रयोगशाळेंत अभ्यास केला, त्यावर १९४१ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४४ सालीं ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. तो ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो.

१० जून १९४० रोजीं इटली युद्धांत उतरली. लिबियांत इटलीचें मोठें सैन्य होतें आणि इजिप्तमध्यें इंग्रजांचें त्यामानानें थोडें. दक्षिणेकडील अफाट वाळवंटांतून शत्रु काय करतो, हें पाहण्यास कोणतेंही साधन नव्हतें. बॅग्नोल्ड यांनीं वाळवंटी टेहळणी-पथकाची योजना त्यापूर्वींच मांडली होती. ती वरिष्ठांनीं नाकारली होती. आतां सरसेनापति वेव्हेल यांनीं ती तत्काल मान्य केली आणि तयारीस सहा आठवड्यांची मुदत दिली. पुढें हें पथक लॉंग रेंज डेझर्ट ग्रुप या नांवानें प्रसिद्धीस आलें. पहिले स्वयंसेवक न्यूझीलंडच्या सैन्यांतून निवडण्यांत आले. त्यांत शेतकरी पुष्कळ होते. यंत्र उघडून दुरुस्त करण्याची संवय असलेलीं, आपलें साधन जपणारीं अशीं हीं माणसें होतीं.

मोटारी कोणत्या घ्यावयाच्या? सैन्याच्या जड गाड्या निरुपयोगी होत्या. निवड झाली ती शेव्हरलेच्या तीस हंड्रेडवेटी, म्हणजे दीड टनी मालमोटारीची. तिचीं फक्त मागील चाकें इंजिनास जोडलेलीं होतीं. कांहीं मोटारी विकत घेतल्या, कांहीं इजिप्शियन सैन्याकडून मिळविल्या. बाजारांतील ती एक साधी मालवाहू गाडी होती. हलकी, सोपी आणि जिचे सुटे भाग मिळूं शकत अशी.

येथें ओझ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गस्तीचा पल्ला पंधराशें मैलांचा आणि मुदत तीन आठवड्यांची धरूं. गॅलनास दहा मैल या मानानें एका मोटारीस दीडशें गॅलन पेट्रोल लागेल. गॅलनाचें वजन सुमारें सव्वासात पौंड; म्हणजे पेट्रोलच जवळजवळ अकराशें पौंड झालें, आणि त्यांत डब्यांचें वजन धरलेलें नाहीं. पाण्याचें मान दर माणशीं दररोज सहा पाइंटांचें होतें. तीन माणसांस एकवीस दिवसांसाठीं सत्तेचाळीस गॅलन पाणी लागतें. गॅलनास दहा पौंड या हिशेबानें तें पावणेपांचशें पौंड भरतें. यावर अन्न, मशीनगनी, दारूगोळा, सुटे भाग, टायर, पोलादी पन्हळी, अंथरूण-पांघरूण आणि स्वतः माणसें. कांहीं मोटारींवर बिनतारी यंत्र, कांहींवर दुरुस्तीचीं हत्यारें. दीड टन म्हणजे तेहतीसशेंसाठ पौंड. ही मर्यादा प्रस्थानाच्या दिवशींच ओलांडली जाई.

म्हणून कारखान्यांत दोन उलट कामें एकाच वेळीं सुरू झालीं. एकीकडे मोटारीवरून जें जें निघेल तें तें काढून टाकलें: दारें गेलीं, पुढील कांच गेली, टप गेला. दुसरीकडे स्प्रिंगेच्या चळतींत जास्तीचे पाटे घालून ती बळकट केली. मालमोटारींत ओझ्याचा बहुतेक भार मागील आंसावरच पडतो. त्यामुळें या कामांत मागील पाट्यांस महत्त्व अधिक. वजन उतरविणें आणि पाटे चढविणें हीं दोन्ही एकमेकांस पूरक होतीं. नुसते पाटे वाढविले असते, तर मोटार ओझें पेलती, पण वाळूंत बुडती. नुसतें वजन उतरविलें असतें, तर पुरेसें पेट्रोल नेतां आलें नसतें.

परंतु पाटे वाढविल्यानें प्रश्न सुटला असें मात्र झालें नाहीं. त्याचें रूप बदललें. प्रस्थानाच्या दिवशीं दोन टनांखालीं दबलेली मोटार रोज थोडी थोडी हलकी होत जाई. पेट्रोल जळे, पाणी संपे, अन्न संपे. परतीच्या वाटेवर तिच्यावर ओझें थोडें आणि पाटे मात्र दोन टनांचे. ताठ स्प्रिंगेवर हलकी मोटार उसळत चालते. खालून धक्का बसतो तेव्हां सर्व पाटे मिळून तो झेलतात. पण गाडी वर उसळते तेव्हां उलट ओढ मुख्यतः वरच्या एकट्या लांब पाट्यावर येते. पाटे एकत्र बांधणाऱ्या पट्ट्या सैल असल्या कीं तो एकटाच सांपडतो आणि मधल्या बोल्टाच्या भोंकापाशीं किंवा टोंकाच्या कडीपाशीं तुटतो. वारंवार वांकण्यानें पोलाद थकतें आणि एरवीं सहज सोसलें असतें अशा ओझ्याखालींही अखेर तुटतें, हें सत्य ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनियरानें एकोणिसाव्या शतकांतच आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून सिद्ध केलें होतें. दगडांच्या सपाट्या आणि वाळूच्या कठीण लाटा यांनीं तोच धडा गिरवून घेतला.

शिवाय पाट्यांनीं पेललेलें ओझें नाहींसें होत नाहीं. तें पाट्यांतून आंसाच्या नळकांड्यावर, तेथून चाकांच्या बेअरिंगांवर आणि शेवटीं टायरांवर येतें. पाटे बळकट केले म्हणून आंस बळकट होत नाहीं. गतिरोधक तर मुळींच होत नाहींत. साखळीचा एक दुवा जाड केला कीं दुसरा दुवा सर्वांत अशक्त ठरतो. म्हणून पथकाबरोबर दुरुस्तीची मोटार आणि कुशल फिटर नेमून दिलेला असे, आणि चालकास वेगाचा मोह आवरण्याची शिस्त असे. वाळूच्या टेंकडीवर चढतांना वेग घ्यावाच लागे. शिखराच्या पलीकडे उतार नसून तुटलेला कडा असला, तर त्याच वेगानें मोटार आणि माणसें यांचा चुराडा होई. वेग कोठें घ्यावा आणि कोठें सोडावा, हें डोळ्यांस समजावें लागे.

मोटार गमावणें म्हणजे काय, याचें उदाहरण १९४१ च्या आरंभीं घडलें. ११ जानेवारी रोजीं या पथकाच्या टोळ्यांनीं मुर्झुक येथील इटालियन ठाण्यावर छापा घातला. परततांना ३१ जानेवारीस जेबेल शेरीफच्या डोंगरांत शत्रूच्या मोटार-तुकडीनें विमानांच्या साहाय्यानें एका टोळीस गांठलें. रोनाल्ड मूर या न्यूझीलंडच्या शिपायासह चौघे जण मागें राहिले. मूर यांचा पाय जखमी झालेला होता. जवळ दोन गॅलनांहूनही कमी पाणी आणि अन्न जवळजवळ नाहींच. शरण जाण्याऐवजीं ते मोटारींच्या चाकोरींतून दक्षिणेस चालूं लागले. फ्रेंच तुकडीनें त्यांना शोधून काढलें तेव्हां मूर दहा दिवसांत सुमारें दोनशेंदहा मैल चालले होते आणि अजून चालतच होते. चौघांपैकीं एकास मृत्यु आला. या मोटारी शत्रूच्या माऱ्यानें गेल्या, पाटा तुटून नव्हे. परंतु तुटलेल्या पाट्याकडे पथकांतील माणसें कोणत्या नजरेनें पाहत असतील, हें या दहा दिवसांवरून उमगतें. शहराच्या रस्त्यावर पाटा तुटला तर खोळंबा होतो. तेथें त्याचा हिशेब पाण्याच्या पाइंटांत करावा लागे.

पुढें एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. शेव्हरले झिजल्या, तेव्हां पथकास चारही चाकें चालणाऱ्या कॅनेडियन फोर्ड मोटारी मिळाल्या. कागदावर त्या सरस होत्या. चार चाकांचा जोर, दणकट बांधणी. प्रत्यक्षांत त्या जड ठरल्या आणि पेट्रोल फार पिऊं लागल्या. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ओझें, जास्त ओझें म्हणजे आणखी पेट्रोल. या चक्रांत पल्ला घटला. १९४२ सालीं पथकानें पुन्हां दोनच चाकें चालणाऱ्या नव्या शेव्हरले मोटारी घेतल्या आणि त्या पसंतीस उतरल्या. यंत्र अधिक समर्थ म्हणून काम अधिक होतेंच असें नाहीं, हें त्यांच्या अनुभवानें पटविलें.

याच वर्षीं हिंदी सैन्याचाही या कामाशीं संबंध आला. घोडदळाच्या जुन्या रेजिमेंटांतून निवडलेल्या जाट, शीख, रजपूत आणि मुसलमान शिपायांचें हिंदी लॉंग रेंज स्क्वॉड्रन सिरियांत तयार झालें आणि १९४२ च्या उत्तरार्धांत तें या पथकास जोडण्यांत आलें. घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या या शिपायांना आतां पाटे, बोल्ट आणि वंगण यांची निगा राखावी लागली. जानेवारी १९४३ मध्यें न्यूझीलंडच्या टोळीचे प्रमुख निक वाइल्डर यांनीं ट्युनिशियांतील मॅरेथच्या तटबंदीस दक्षिणेकडून वळसा घालण्याची खिंड शोधून काढली. मार्चमध्यें त्या वाटेनें मोठें सैन्य गेलें. असल्या शोधांत नकाशा काढणें हें अर्धेंच काम होतें. लादलेल्या मोटारी या जमिनीवरून जातील काय, त्यांचे पाटे टिकतील काय, हा निर्णय देणें हें दुसरें अर्धें.

दरम्यान अमेरिकेंत एका लहानशा मोटारीनें जन्म घेतला होता. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें हलक्या टेहळणी-मोटारीची मागणी कारखानदारांपुढें ठेवली. बॅंटम कंपनीनें २३ सप्टेंबर रोजीं पहिला नमुना आणून दिला आणि पुढें विलिस व फोर्ड यांनीं युद्धकाळांत सुमारें सहा लाखांवर गाड्या बांधल्या. हीच जीप. सैन्याच्या भाषेंत ती पाव टनाची मोटार, म्हणजे पांचशें पौंडांची. परंतु स्पेशल एअर सर्व्हिसच्या शिपायांनीं १९४२ च्या जुलैंत ती वाळवंटांत नेली तेव्हां तिच्यावर जोडीच्या मशीनगनी, पेट्रोलचे डबे, पाणी आणि दारूगोळा असा भार लादला कीं पाव टन हा शब्द थट्टेचा वाटावा. २६ जुलैच्या रात्रीं अठरा जीपांनीं सिदी हनीशच्या विमानतळावर छापा घालून उभीं विमानें जाळलीं. या जीपांच्या स्प्रिंगाही बळकट करून घ्याव्या लागल्या होत्या. शेव्हरलेच्या पाट्यांचा धडा जीपेस जसाच्या तसा लागू पडला.

युद्ध संपलें आणि जीप शेतावर, खाणींवर, जंगलखात्यांत आली. विलिस कंपनीनें १९४५ सालीं नागरी उपयोगाची जीप विक्रीस काढली. १९४८ सालीं इंग्लंडांत लॅंड रोव्हर अवतरली. हिंदुस्थानांत १९४७ सालीं महिन्द्रांनीं विलिस जीपचा व्यवसाय हातीं घेतला आणि सुट्या भागांतून मुंबईस तिची जोडणी होऊं लागली. पुढें याच जातीच्या गाड्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शिरल्या. साताऱ्या-सांगलीकडे ज्यास वडाप म्हणतात, त्या उतारूंच्या वाहतुकींत आंत आणि बाहेर मिळून माणसें बसवितांना कारखानदाराची मर्यादा कोणी विचारली नाहीं. पाटे वाढवून देणारे कारागीर तालुक्याच्या गांवीं बसले आणि वाळवंटांतील तोच सौदा पुन्हां झाला: भरलेली गाडी ताठ उभी राहते, रिकामी गाडी उसळते, आणि पाट्यांनीं पेललेलें ओझें उतारावर गतिरोधकांस पेलवेलच याची शाश्वती नसते.

या अडचणींतून निघालेला एक चांगला मार्ग म्हणजे मदतनीस पाट्यांचा. मुख्य चळत नेहमींच्या ओझ्यापुरती नरम ठेवावयाची आणि तिच्या जोडीस वेगळे ताठ पाटे असे बसवावयाचे कीं, गाडी ठराविक खालीं दबल्यावरच त्यांनीं भार घ्यावा. रिकाम्या गाडीस ते जणूं नसतातच. वाळवंटांतील मोटारींस रोज बदलणाऱ्या ओझ्याचा जो प्रश्न पडला होता, त्याचें हें सोपें उत्तर होय. तथापि आंस, चाकें आणि गतिरोधक यांची मर्यादा त्यासही ओलांडतां येत नाहीं.

न्यूझीलंडच्या टोळ्यांनीं आपल्या मोटारींस माओरी भाषेंतील नांवें दिलीं होतीं. टोळीचें जें अक्षर, त्या अक्षरानें आरंभ होणारें नांव. डब्ल्यू टोळीची ‘वाइकाहा’ नांवाची शेव्हरले चाळीस वर्षें वाळवंटांत टाकलेली पडून होती. १९८० नंतर ती सांपडली आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहांत गेली. तिला नवा रंग दिला नाहीं कीं झिजलेलें कांहीं लपविलें नाहीं. वाळूनें घासलेला पत्रा, उघडा सांगाडा आणि आंसावर बसविलेले पाटे जसे सांपडले तसे ठेविले आहेत. सहा आठवड्यांच्या मुदतींत कैरोच्या कारखान्यांत ज्या हातांनीं तें काम केलें, त्यांचीं नांवें इतिहासानें नोंदविलेलीं नाहींत. त्यांचें काम मात्र कसोटीस उतरलें, याची साक्ष परत आलेल्या मोटारींनीं दिली.